पाटीवरचं नाव आणि सांगाड्यावरचं नाव : रंगीत कोरल ओळखायचं कसं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालाला नाव कसं द्यायचं यावर बोललो. त्यात मी रंगीत कोरलचं उदाहरण दिलं होतं, पण वेळ कमी पडला. ज्यांना मत्स्यालयाचं दुकान टाकायचंय त्यांच्याकडून एकच प्रश्न वारंवार येतो. "परदेशातल्या टाक्यांमध्ये दिसतं तसं रंगीत दगडी कोरल दुकानात ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणतात."

भारतात दुकान असेल तर माझं उत्तर सरळ आहे: नाही. कारण खाली येईलच. पण "नाही" एवढ्यावर धडा संपत नाही. तुम्ही कोरल मागवलं नाही तरी कोरल तुमच्या दुकानात येऊ शकतं, भलत्याच नावाने. माझ्याकडे तसंच आलं होतं.

माझ्या दुकानातला किस्सा

दुकानाचं पहिलंच वर्ष. एका होलसेलरने माशांच्या खाद्याबरोबर एक खोकं पाठवलं. बिलावर लिहिलं होतं "डेकोरेशन स्टोन, मिक्स". आत पांढरे, नक्षीदार दगड. मी खूश. धुतले, पुसले आणि काचेच्या कपाटात पुढेच मांडले. दोन-तीन विकलेही.

आमच्याकडे एक निवृत्त प्राणिशास्त्राचे सर नेहमी यायचे. त्यांनी एक दगड उचलला, चष्मा वर केला आणि मला जवळ बोलावलं. "अरे, हे नीट बघ. छोट्या छोट्या वाट्या दिसतात ना? प्रत्येक वाटीत चांदणीसारखे पडदे? हा दगड नाही, प्रवाळाचा सांगाडा आहे. शेड्युल एक. वाघाच्या यादीतला माल मांडून बसलायस तू."

मला घाम फुटला. मी बीबीएला मार्केटिंग शिकलो, इन्व्हेंटरी शिकलो, पण आलेला माल खरोखर काय आहे हे तपासायला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच दिवशी सगळं कपाटातून काढलं आणि दुसऱ्या दिवशी बिलाची प्रत आणि अर्ज घेऊन वन विभागाच्या ऑफिसात जमा केलं. होलसेलरने पैसे परत दिले नाहीत. वर म्हणाला, "बिलावर स्टोनच लिहिलंय ना, मग घाबरता कशाला?"

त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा. बिलावरचं नाव तुम्हाला वाचवत नाही. माल जो आहे, तोच असतो.

धडा 1 : एका मालाची तीन नावं

आधी ओळखीचं उदाहरण घेऊ. बाजारात आंबा घेताना तीन गोष्टी कानावर येतात. "हापूस" ही जात. "देवगड" हा प्रदेश. आणि "अमक्याच्या बागेतला" ही वंशावळ. तिन्ही नावं वेगवेगळं वचन देतात. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याचसाठी की दुसरीकडचा आंबा त्या नावाने विकला जाऊ नये.

कोरलचा छंद अमेरिकेत मोठा आहे. तिथल्या दुकानांतही अशीच तीन नावं चालतात.

1. शास्त्रीय नाव. उदा. युफिलिया ग्लॅब्रेसेन्स. हे प्राण्याचं खरं नाव. कायदा, परवाना आणि देखभाल या नावावर चालते.
2. धंद्यातलं नाव. उदा. टॉर्च कोरल. हात मशालीसारखे लांब आणि टोकाला गोल गाठ, म्हणून टॉर्च. गिऱ्हाइकाला हे समजतं.
3. हौशी नाव. उदा. "ड्रॅगन सोल" टॉर्च. हे एका विशिष्ट रंगाच्या वाणाचं नाव. पैसा खरा इथे बसतो.

दुसरं उदाहरण "ओरेगॉन टॉर्ट". टॉर्ट म्हणजे ॲक्रोपोरा टॉर्टुओसा या शास्त्रीय नावाचं लाडकं रूप आणि ओरेगॉन हे अमेरिकेतलं राज्य. म्हणजे एकाच नावात जात आणि गाव दोन्ही बसलं. "स्ट्रॉबेरी शॉर्टकेक", "रेड प्लॅनेट", "वॉल्ट डिस्ने" अशीही नावं आहेत. त्यांत शास्त्र काहीच नाही, पण गिऱ्हाईक ती मागून घेतं.

यात फसवणूक कुठे होते? कोरल तुकडा तोडून वाढवता येतं. अशा तुकड्याला "फ्रॅग" म्हणतात. मूळ वसाहतीतून तोडलेला फ्रॅग म्हणजे कलमच समजा, आनुवंशिकदृष्ट्या तोच प्राणी. हौशी नाव खरं तर त्या कलमाच्या वंशावळीचं असतं. समुद्रातून आणलेला दुसराच तुकडा तसाच दिसतो म्हणून त्याला तेच नाव लावणं म्हणजे कर्नाटकच्या आंब्याला देवगडचं खोकं. तिकडचे चांगले दुकानदार वंशावळ माहीत नसेल तर साधं वर्णन लिहितात: "हिरवा टॉर्च, टोकं सोनेरी". भाव कमी येतो, पण गिऱ्हाईक परत येतं.

धडा 2 : रंग सगळ्यात शेवटी बघायचा

नवशिक्या आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो. रंग येतो कुठून हे समजून घ्या.

दगडी कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि कोरलला देतं. या शैवालाचा रंग तपकिरी. हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांमधून येतात. त्यातली काही निळ्या प्रकाशात चमकतात. पाण्यात पोषकद्रव्यं वाढली की शैवाल वाढतं आणि कोरल तपकिरी पडतं. प्रकाश बदलला की रंग बदलतो. म्हणजे एकच तुकडा एका टाकीत जांभळा आणि दुसऱ्या टाकीत मळकट दिसू शकतो.

त्यात निळे एलईडी दिवे. निळ्या प्रकाशात काढलेल्या फोटोत साधं कोरलही लखलखतं. वरून फोटो ॲपमध्ये रंग चढवला की झालंच. म्हणून परदेशात हा धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी नियम असा: पुरवठादाराकडून पांढऱ्या प्रकाशातला फोटो मागा, आणि तुकडा त्याच्या टाकीत किती दिवसांपासून आहे ते विचारा. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं असं समजा.

साडीच्या दुकानात जाणती बाई पदर घेऊन दाराबाहेर उन्हात बघते ना, तेच हे.

धडा 3 : सांगाडा वाचायला शिका

रंग बदलतो, सांगाडा बदलत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दागिन्यांच्या कारागिराकडे असतं तसं. आता क्रमाने प्रश्न विचारा.

प्रश्न 1 : वाट्या केवढ्या आहेत? कोरल म्हणजे असंख्य छोट्या प्राण्यांची चाळ. प्रत्येक प्राणी एका वाटीत राहतो. वाट्या अगदी बारीक असतील तर छंदाच्या भाषेत "एसपीएस", म्हणजे लहान प्राण्यांचं दगडी कोरल. मोठ्या, मांसल असतील तर "एलपीएस". लक्षात ठेवा, हे शास्त्रीय वर्गीकरण नाही. ही दुकानाच्या रॅकची सोय आहे, जशी आपण "किराणा" आणि "जनरल" करतो.

प्रश्न 2 : फांदीच्या टोकाला वेगळी वाटी आहे का? प्रत्येक फांदीच्या अगदी टोकावर एक ठळक वाटी आणि बाजूंनी इतर वाट्या, असं दिसलं की ते ॲक्रोपोरा. अशी टोकाची वाटी मॉन्टिपोरात नसते. त्याच्या वाट्या बारीक, पृष्ठभागात बुडालेल्या असतात. पोसिलोपोरात पृष्ठभागावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवरही वाट्या असतात.

प्रश्न 3 : दोन वाट्यांमध्ये भिंत एक की दोन? गोल, मेंदूसारखं दिसणारं कोरल घ्या. शेजारच्या दोन वाट्यांची भिंत सामाईक असेल तर बहुधा फेव्हाइट्स. प्रत्येक वाटीची भिंत स्वतंत्र आणि मध्ये फट असेल तर डिप्सॅस्ट्रिया, ज्याला दुकानात अजून जुन्या सवयीने "फेव्हिया" म्हणतात. चाळीतली खोली आणि स्वतंत्र बंगला, एवढा फरक लक्षात ठेवलात तरी पुरे.

प्रश्न 4 : हात किती? गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा दोन्ही फुलांच्या गुच्छासारखे दिसतात. जिवंत असताना एका प्राण्याचे हात मोजा. 24 असतील तर गोनिओपोरा, 12 असतील तर अल्व्हिओपोरा. दगडी कोरलमध्ये सहाच्या पटीचा हिशोब असतो, म्हणून हे मोजणं कामाला येतं.

प्रश्न 5 : हातांची टोकं कशी? इथे नियम उलटतो. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन या दोन लोकप्रिय कोरलचे सांगाडे इतके सारखे असतात की सांगाड्यावरून त्यांच्यात फरक करता येत नाही. तिथे जिवंत हात बघावे लागतात. टोक हातोडीसारखं किंवा नांगरासारखं असेल तर हॅमर. हाताला फांद्या आणि त्यावर बेडकाच्या अंड्यांसारखे फुगे असतील तर फ्रॉगस्पॉन. एकच सरळ हात आणि गोल टोक असेल तर टॉर्च.

याच्या जोडीला अजून एक बघा. कोरल फांद्यांचं आहे की सलग भिंतीसारखं? फांद्यांचं असेल तर दोन फांद्यांमधून कापता येतं आणि जिवंत भागाला धक्का लागत नाही. सलग असेल तर जिवंत मांसातूनच कापावं लागतं, धोका वाढतो. म्हणजे रोप वाढवून विकायचा विचार असेल तर भावाआधी आकार बघायचा.

कुठे थांबायचं? ॲक्रोपोराच्या जाती ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. एकच जात उथळ लाटांच्या पाण्यात आखूड, जाड वाढते आणि शांत पाण्यात लांब, बारीक. जे. ई. एन. व्हेरॉन यांचा "कोरल्स ऑफ द वर्ल्ड" हा ग्रंथ 2000 साली आला तोच तीन खंडांत, यावरून पसारा समजा. त्यामुळे खात्री नसेल तर "ॲक्रोपोरा, जात निश्चित नाही" असं लिहा. यात कमीपणा काही नाही. अंदाजाने लिहिलेलं पूर्ण नाव हे खोटं लेबल आहे.

धडा 4 : नावं बदलतात, रजिस्टर बदला

जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यापासून शास्त्रज्ञांनी बऱ्याच कोरलची घरं बदलली. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन आधी युफिलिया होते, 2017 मध्ये ते फिम्ब्रिआफिलिया झाले. टॉर्च मात्र युफिलियातच राहिला. छंदातला लाडका "अकान" आधी ॲकॅन्थॅस्ट्रिया होता, म्हणून अकान. आता तो मायक्रोमुसा लॉर्डहोवेन्सिस आहे, पण पाटीवर अजून अकानच.

तुम्ही म्हणाल, दुकानदाराला याचं काय? सांगतो. सगळी दगडी कोरल साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे देशाबाहेर पाठवायची तर परवाना लागतो, आणि परवान्यावर शास्त्रीय नाव असतं. खोक्यात एक आणि कागदावर दुसरं निघालं तर माल अडकतो. जिवंत माल अडकला म्हणजे मेला.

दुसरं उदाहरण. 2014 मध्ये अमेरिकेच्या सरकारने 20 कोरल जाती धोक्यातल्या जातींच्या यादीत घातल्या. त्यात युफिलिया पॅराडिव्हिसा होती, म्हणजे फांद्यांच्या फ्रॉगस्पॉनमधली एक जात. आता दुकानदाराने पाटीवर फक्त "फ्रॉगस्पॉन" लिहिलं असेल, तर आपल्याकडे यादीतली जात आहे की नाही हे त्याचं त्यालाच सांगता येणार नाही.

म्हणून दुबई असो, न्यू जर्सी असो की सिंगापूर, मालाच्या रजिस्टरला सात रकाने ठेवा: सध्याचं शास्त्रीय नाव, जुनं नाव, धंद्यातलं नाव, हौशी नाव, कुठून आलं, परवाना क्रमांक, तारीख. हौशी नावाच्या रकान्यात वंशावळीचा पुरावा नसेल तर रेघ मारा.

मूळ कुठलं हेही महत्त्वाचं. इंडोनेशिया हा कोरलचा मोठा पुरवठादार. 2018 मध्ये तिथली निर्यात थांबली, नंतर समुद्रात शेती करून वाढवलेल्या कोरलपासून पुन्हा सुरू झाली. ज्यांनी स्वतःच्या टाकीत फ्रॅग वाढवले होते त्यांच्याकडे त्या काळातही माल होता. फक्त आयात करून विकणाऱ्यांचे हाल झाले. एकाच पुरवठादारावर धंदा उभा करू नका, हे मी नेहमी सांगतो त्याचं हे जिवंत उदाहरण.

धडा 5 : आपल्याकडचा कायदा

आता महाराष्ट्रातल्या मंडळींनी लक्ष द्या.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या शेड्युल एकमध्ये 2001 साली सगळी दगडी कोरल घातली गेली. त्याबरोबर काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्री पंखे म्हणजे सी फॅन हेही. 2022 च्या दुरुस्तीनंतर शेड्युल एकच्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. जिवंत असो, मेलेला सांगाडा असो की शोभेचा तुकडा, "मला माहीत नव्हतं" यावर धंदा उभा करता येत नाही.

आणि हे लांबच्या समुद्रातलं प्रकरण नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत कोस्टल रोडचं काम चालू असताना 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची छोटी प्रवाळं परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला थांबून परवानगी घ्यावी लागते, तर आपलं दुकान ते काय!

या नावांपासून सावध राहा:

- "डेकोरेशन स्टोन", "व्हाइट रॉक". भिंगाखाली वाट्या आणि चांदणीसारखे पडदे दिसले तर हात लावू नका.
- "इंद्रजाल". वास्तू आणि नजरदोषासाठी फ्रेममध्ये विकतात, "दुर्मिळ वनस्पती" म्हणतात. ती वनस्पती नाही. काळं प्रवाळ किंवा समुद्री पंखा असतो. पूजा साहित्याचं दुकान टाकणाऱ्यांनी हे खास लिहून ठेवा.
- "टाकीत वाढवलेलं आहे, चालतं." फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. शास्त्रीय नाव आणि कागद मागा, आणि ते घेऊन आधी वन विभागात जा.

"मग पोवळं?" हा प्रश्न येणारच. अंगठीतलं लाल पोवळं दगडी कोरल नाही. त्याच्या प्राण्याला आठ हात असतात, त्याचं कूळ वेगळं. पण पोवळ्याच्या नावाखाली रंगवलेलं दुसरंच प्रवाळ खपवलं जाऊ शकतं, म्हणून तिथेही नियम तोच: नाव विचारा, भिंग लावा, बिल घ्या.

मग विकायचं काय?

मी आज रेझिन आणि सिरॅमिकची नकली कोरल ठेवतो. पाटीवर मोठ्या अक्षरात "कृत्रिम" लिहिलेलं आहे आणि बिलावरही. सुरुवातीला वाटलं, असं लिहिलं तर कोण घेणार? पण उलट झालं. आई-वडील मुलांना घेऊन येतात, मुलं विचारतात खरं का नाही, मी भिंग काढून फरक समजावतो. त्यातून मासे, खाद्य, फिल्टर सगळं विकलं जातं. ओळखता येणं हाच माझ्या दुकानाचा माल झालाय.

ते सर अजूनही येतात. परवा नवीन आलेला सिरॅमिकचा तुकडा त्यांनी उचलला, उलटा करून बघितला, खाली ठेवला आणि म्हणाले, "लेबल बरोबर आहे." मला त्या दिवशीच्या गल्ल्यापेक्षा ते जास्त वाटलं.

या आठवड्याचा गृहपाठ

धंदा कोणताही असो, मसाले, साड्या, सुकामेवा, दागिने, हे करा:

1. दुकानातल्या किंवा ठरवलेल्या पाच वस्तू घ्या. प्रत्येकीची तीन नावं लिहा: खरं नाव, बाजारातलं नाव, तुमचं आकर्षक नाव.
2. खऱ्या नावासमोर लिहा, "हे मी कशावरून ओळखलं?" उत्तर "पुरवठादार म्हणाला" असेल तर लाल खूण करा.
3. लाल खूण असलेली वस्तू ओळखणारा एक जाणकार शोधा. चहा पाजा आणि शिकून घ्या.
4. बिलावर मोघम नाव असेल तर पुढच्या खरेदीला नेमकं नाव लिहायला सांगा. लिहीत नसेल तर तो माल घेऊ नका.

आकर्षक नाव जरूर द्या, माझा त्याला विरोध नाही. फक्त त्याच्याखाली खरं नाव पक्कं हवं.

भेटू पुढच्या धड्यात. त्यात बिल वाचायचं कसं ते बघू. तोपर्यंत भिंग घ्या. दुकानाच्या खर्चातली ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू ठरेल.